चावली, म्हणून गाणं झालं

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा ‘ब्लॅकफ्लाय’ हा विनोदी अ‍ॅनिमेशनपट १९९१ सालचा, जेमतेम पाच मिनिटांचा. त्याचं कूळ मात्र चाळीसेक वर्षं मागे, उत्तर ऑन्टारिओच्या जंगलात आहे. लिटल अबिटिबी नदीवर धरण बांधता येईल का, हे पाहायला मोजणीची एक तुकडी गेली होती. तिच्यात गाणी रचून गाणारा वेड हेम्सवर्थ होता.

धरणाला जागा बघायची म्हणजे नदीचा उतार आणि खळाळ शोधायचा. आणि ब्लॅकफ्लाय या चावऱ्या माशीचं माहेर नेमकं तेच! डासाला साचलेलं पाणी चालतं, हिला वाहतंच लागतं. अळ्या प्रवाहातल्या दगडांना चिकटून बसतात आणि डोक्यावरच्या पंख्यासारख्या केसांनी वाहत येणारे अन्नकण गाळून खातात. उन्हाळा सुरू होताना माश्यांचे थवेच्या थवे बाहेर पडतात. मादी डासासारखी सुई टोचत नाही. कातडी चिरते आणि वर आलेलं रक्त चाटते. तिच्या लाळेमुळे जागा बधिर होते आणि रक्तही गोठत नाही, त्यामुळे माणसाला पत्ता लागतो तो मानेवरून ओघळ आल्यावर. कानामागे, केसांच्या कडेला, बाहीच्या आत, कुठेही शिरते. रात्री तेवढी विश्रांती घेते. तेव्हा पाळी डासांची.

हेम्सवर्थने या छळाचं १९४९मध्ये गाणं केलं. मजुराच्या तोंडची तक्रार, पण चाल अशी उडती की रडगाणं व्हायचं राहून गेलं. पुढे तो माँट्रिअलला रेल्वेत आराखडे काढायची नोकरी करत राहिला. गाणी त्याने मोजकीच लिहिली. त्यातलंच लाकडाचे ओंडके नदीतून वाहून नेणाऱ्या गड्यांवरचं गाणं फिल्म बोर्डाने १९७९मध्ये पडद्यावर आणलं होतं.

माशीच्या गाण्यावरचा ‘ब्लॅकफ्लाय’ क्रिस्टोफर हिंटनने रेखाटला. आवाज खुद्द हेम्सवर्थचा, साथीला केट आणि अ‍ॅना मॅकगॅरिगल या बहिणी. फराट्यांसारखी वेडीवाकडी, सतत थरथरणारी रेघ हे हिंटनचं खरं कसब. गुळगुळीत चित्रांत ही खाज उतरलीच नसती. ऑस्करचं नामांकन मिळालं, बाहुली मात्र ब्रिटनच्या ‘मॅनिप्युलेशन’ने नेली. तोही चांगला आहे, पण माझं मत माशीला.

पाच मिनिटं काढून जरूर पाहा. चाल दिवसभर डोक्यातून जात नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.