वाघाच्या कातड्याला कागद कधीपासून लागू लागला?

वारंगा फाट्यावर नांदेडहून येणारा रस्ता दुभंगतो. एक फाटा कळमनुरीवरून हिंगोलीस जातो, दुसरा उमरखेड-यवतमाळवरून नागपूरकडे. शिकारीच्या इतिहासाची दोन पर्वे या दोन रस्त्यांच्या टोकाशी भेटतात, म्हणून आजचा थ्रेड येथून.

हिंगोली ही हैदराबाद कन्टिन्जंटची छावणी. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. याच फौजेतील कर्नल नाइटिंगेल याच्या नावावर संस्थानातील तीनशेहून अधिक वाघ सांगितले जातात. त्या काळी कातडे विलायतेला धाडणे ही मुख्यतः मीठ, तुरटी आणि भाड्याची बाब होती. चरबी खरवडायची, सावलीत वाळवायचे, पेटीत घालून मुंबई बंदर गाठायचे. पुढे लंडनला रोलंड वॉर्डचे दुकान ते भरून, डोळे बसवून देई. विसाव्या शतकात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन बंधूंचा कारखाना त्यासाठी जगप्रसिद्ध झाला. राखीव जंगलात बंदूक चालवण्यास परवाना लागे, हे खरे. परंतु जहाजावरचा कागद पेटीत काय आहे आणि भाडे कोण देणार, एवढेच विचारी. वाघ कसा मेला, हे विचारणे त्याचे काम नव्हते.

आता दुसरा रस्ता. स्वातंत्र्यानंतर राजेरजवाड्यांची जागा पैसे मोजणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी घेतली. नागपूरची ॲल्विन कूपर ही विद्याचरण शुक्ल यांनी उभारलेली कंपनी अशा शिकारसफरी भरवीत असे. (होय, पुढे केंद्रात मंत्री झालेले तेच शुक्ल.) कातडे पाहुण्याच्या घरी पोहोचणे हा या धंद्याचा प्राण होता. भिंतीवर टांगता येणार नसेल, तर एवढा पैसा कोण ओतील?

म्हणूनच हा धंदा दोन्ही टोकांनी आवळला गेला. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाचे अधिवेशन भरले आणि वाघाचे संकट जगापुढे आले. १९७० मध्ये भारताने वाघाच्या शिकारीवर बंदी घातली. त्याच वर्षी अमेरिकेने वाघाला आपल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घेतले. मारण्याचे दार इकडे बंद, नेण्याचे तिकडे.

मग आला ‘साइटीस’ करार : १९७३ मध्ये वॉशिंग्टनला स्वाक्षऱ्या, १९७५ पासून अंमल, १९७६ मध्ये भारत सदस्य. याची रचना मला फार विलक्षण वाटते. वाघ-बिबट्यासारख्या परिशिष्ट एकमधील प्राण्यासाठी दोन परवाने लागतात, आणि आयात करणाऱ्या देशाचा परवाना आधी हवा. तो दाखविल्यावाचून निर्यातीचा मिळत नाही. शिवाय या व्यवहाराने जातीच्या अस्तित्वास बाधा येणार नाही, असे शास्त्रीय मतही जोडावे लागते. जहाजाच्या पावतीने कधीही न विचारलेला प्रश्न आता कागदाच्या माथ्यावर आला. आफ्रिकेतील काही देशांतून आजही शिकारीची चिन्हे याच मार्गाने बाहेर जातात. भारताने मात्र वन्यप्राण्यांच्या वस्तूंची निर्यातच निषिद्ध ठरविली.

घरातल्या भिंतीचे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तू जाहीर करून मालकी प्रमाणपत्र घेणे बंधनकारक केले. ज्यांचे राहून गेले त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची आणखी एक संधी मिळाली. प्रमाणपत्र असले तरी विक्री नाही. वारसाहक्काने कातडे आले, तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे तसे कळवावे लागते. मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात पणजोबांच्या बंदुकीखाली वाघाचे मस्तक असेल आणि कागद नसेल, तर ते परदेशी असलेल्या नातवाकडे नेणे दूरच, घरात ठेवणेही गुन्हा ठरू शकतो.

कायदा योग्यच आहे, असे माझे मत. तरी अभ्यासक म्हणून एक खंत राहते : कारवाईच्या भीतीने अशी कातडी गुपचूप जाळली वा पुरली जातात, आणि गोळीचे भोक, कारागिराची पाटी, तारीख हे सारे पुरावे त्यांच्याबरोबर जातात. २०२२ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्रधारकास वस्तू स्वेच्छेने शासनजमा करण्याची वाट दिली आहे. मोबदला मिळत नाही. वस्तू राज्य शासनाची होते.