शंभर कोटींतील आमची खोली

स्मरणिकेसाठी पाककृती पुष्कळ आल्या आहेत, तुम्ही आपल्या वस्तीचा इतिहास लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. इतिहास म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे येते ती आमची रिकामी केलेली चाळ. दारांना फळ्या ठोकलेल्या, सज्जाला बांबूचे टेकू, आणि तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी विसरलेली तुळशीची कुंडी. अशी चाळ पाडून नवी बांधायची तर पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न लालबाग-परळला शंभर वर्षांचा जुना आहे.

१९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत सरकारने डेव्हलपमेंट खाते काढले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसविला आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच आपल्या बी.डी.डी. चाळी. नवल असे की, घरांची एवढी टंचाई असताना आरंभी त्यांतल्या पुष्कळ खोल्या ओसच राहिल्या! भाडे गिरणीकामगाराला जड, आणि खोल्या कोंदट. चूल पेटविणारणीला कोणी विचारले होते, असे काही त्या बांधणीवरून दिसत नाही.

खाजगी चाळींची कथा निराळी. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरू तरला, पण मालकाने डागडुजी सोडली. पावसाळ्यागणिक घरे कोसळू लागली, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. सुमारे १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. तो उपकर मालकामार्फत आपणच भरीत होतो, हे विसरू नये.

डिसेंबर १९८५ मध्ये काँग्रेसच्या शताब्दीला पंतप्रधान राजीव गांधी मुंबईत आले आणि त्यांनी शहरासाठी शंभर कोटींचे अनुदान जाहीर केले. सदतीस कोटी धारावीला गेले. उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी जो वाटा आला त्यातून ६६ नव्या इमारती झाल्या. आमची त्यांतलीच एक.

पैसा मंजूर झाला म्हणजे घर मिळाले, असे मात्र नव्हे. आधी यादी झाली. यादीत नाव भाडेपावतीवरचे. आमच्या पावतीवर मामंजी, आणि ते वारून सहा वर्षे झालेली. मग रेशनकार्ड, विजेचे बिल, मृत्यूचा दाखला! भिशीच्या दिवशी आम्ही साऱ्याजणी कागदांच्या पिशव्या घेऊन बसत असू. कोणाचे काय कमी आहे ते आमच्यातली एक मास्तरीण तपाशी. पुढे तीन वर्षे प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पात काढली. तेवढ्या काळात मंडळाचे हळदीकुंकू दोनदाच झाले. परत आलो ते सुमारे १८० चौरस फुटांच्या खोलीत. लहान खरी, पण नळ घरात, संडास घरात. पहाटे बादली घेऊन रांगेत उभे राहणे संपले, याचे मोल पुरुषमंडळींना सांगून कळायचे नाही.

आमच्या मजल्यावरच्या एक बाई मात्र परतल्या नाहीत. यजमान गेल्यावरही त्या त्याच खोलीत वीस वर्षे राहत होत्या. पावती दिराच्या नावची होती. नवी खोली दिरांनी घेतली, बाई माहेरी भावाकडे गेल्या. मोजणीला आलेल्या माणसाने कागदावर जे होते तेच लिहिले, त्याला तरी काय बोल लावावा?

आता त्या ६६ इमारतीही थकल्या असून त्यांच्या पुनर्बांधणीची भाषा चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आपल्याकडेही पुन्हा मोजणी होईल. म्हणून भगिनींनो, पुढच्या बैठकीस येताना प्रत्येकीने घरची पावती काढून तिच्यावर कोणाचे नाव आहे तेवढे पाहून यावे. मास्तरीणबाई आता थकल्या आहेत, पण चष्मा घेऊन येईन म्हणाल्या आहेत.