मृगाआधीची शाकारणी

मे सरत आला की मुंबईत वडाळ्याच्या वस्त्यांतल्या पत्र्यांवर निळी ताडपत्री चढते. तिच्यावर दोरी, विटा, जुने टायर. शेजारच्या नायगावात १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींना ही धावपळ माहीत नव्हती. त्यांचं छप्पर सपाट, सिमेंटचं. गंमत अशी, की त्या छपराखाली राहणारा कोकणातला चाकरमानी मे महिन्यात रजा टाकायचा ती गावचं घर शाकारायला.

शाकारणं म्हणजे पावसाआधी छप्पर नव्यानं घालणं. आधी गवत होतं. मातीच्या नाहीतर जांभ्याच्या भिंती, मेढी, आढं, वासे आणि वर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे थर. उतार हवाच, पाणी वळचणीकडे झटकन धावलं नाही तर गवत कुजतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शेतकरीही दगडी भिंतींवर पेंढाच घालत आणि अटलांटिकच्या वाऱ्यानं तो उडू नये म्हणून वरून दोर टाकून त्यांना दगड बांधत. वडाळ्याच्या टायरांचे हे लांबचे चुलते.

मग कुंभाराचं नळीचं कौल. चाकावर निमुळती नळी ओढायची, ओलसर असतानाच उभी कापायची, की झाली दोन कौलं. एक रांग उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. आगीची धास्ती गेली, माकडांची आली. दरवर्षी कौलं चाळावीच लागत: उतरवा, झाडा, फुटकी काढा, पुन्हा रचा.

तिसरी पिढी परदेशी वळणाची. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणारं कौल काढलं. त्या धर्तीवर बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्यानं १८६५ मध्ये मंगळूरला, नेत्रावतीकाठच्या चिकणमातीच्या भरवशावर, कारखाना घातला. कडेच्या खाचा शेजारच्या कौलाला धरतात, पोटाखालचा दात रिपेला अडकतो. गलबतांतून हा माल उत्तरेकडच्या बंदरांत उतरला आणि कोणत्याही कारखान्याचा असो, त्याचं नाव ‘मंगलोरी’च पडलं.

बासेल मिशनचं जुनं कौल उलटं केलं तर पोटावर ठसा दिसतो, कधी त्यात १८६५ हे सालही असतं. ते बोटानं पुसून घरमालक पाहुण्याला कौतुकानं दाखवतो, ‘बघा, आमचं घर तेव्हाचं!’ साल कारखान्याच्या जन्माचं असतं. घर कदाचित आजोबांनी मुंबईच्या पगारातून बांधलेलं.