पाचरी हरवू नका

खिळा मारणाऱ्याला आमचे आजोबा सुतार म्हणत नसत. कुसू, भोक आणि पाचर, एवढ्यावर त्यांचा धंदा चाले. यात कारागिराचा तोरा होताच, पण खरं कारण होती आगबोट.

रत्नागिरीचा माणूस पोटासाठी मुंबईला जायचा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा भरणा आमच्याच जिल्ह्याचा, आणि तेव्हा या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येई. जायचं ते बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनसारख्या कंपन्यांच्या आगबोटीने. आमच्याकडे बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबे आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या, सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यावं लागे. हलत्या पडावातून वर पलंग चढवून बघा! म्हणून पलंग गठ्ठा होऊन जाई. चार खूर, लांबीच्या दोन पट्ट्या, रुंदीच्या दोन, वरच्या फळ्या, सगळं सुंभाने आवळलेलं, आणि पाचरी वेगळ्या फडक्यात. "फळी हरवली तर तिथे दुसरी मिळेल, पाचरी हरवू नका," असं आजोबा बजावत.

पट्टीचं कुसू खुरातून आरपार पलीकडे येतं. बाहेर आलेल्या टोकाला भोक असतं, त्यात उतरती पाचर ठोकायची. जितकी ठोकाल तितकी पट्टी खुराकडे ओढली जाते. सरस नाही, स्क्रू नाही. उलट बाजूने दोन ठोके दिले की पलंग मोकळा. कुठलं कुसू कुठल्या खुरात, हे कळावं म्हणून दोन्हीकडे पटाशीने खुणा: एक रेघ, दोन रेघा, तीन, आणि चौथ्याला फुली. अक्षर न वाचणाऱ्यालाही चाळीत पलंग उभा करता येई.

ही युक्ती काही बोटीमुळे जन्माला आली नाही. कौलारू घराचा सांगाडा, खांब-तुळया, असाच जोडलेला असे. जुनं घर उतरवून त्याचं लाकूड दुसऱ्या गावी नव्याने उभं करत. झोपाळा तर आणखी सोपा: फणसाची एक जाड फळी, चार कड्या, तुळईचे आकडे. बोटीने एवढंच केलं, की घराची रीत सामानात आणली. चाळीची तिला चांगली साथ मिळाली. १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात गाववाले दाटीने राहायचे. बायको गावाहून येईपर्यंत पलंग माळ्यावर पडून असे.

त्याच चाकरमान्याला इराण्याच्या हॉटेलात वाकवलेल्या लाकडाची खुर्ची भेटे. तिचा कुळपुरुष व्हिएन्नाचा मिखाएल थोनेट. त्याची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची सहा तुकड्यांची, आणि एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. आयकियावाल्यांना टेबलाचे पाय सुटे करायचं सुचलं ते १९५०च्या दशकात. आता त्यांचं दुकान तुर्भ्यालाही आहे, २०२०पासून. लोक कौतुक करतात, करू देत. पण भुशाच्या फळीचं ते सामान आमच्या पावसात फुगतं, एवढं मी सांगून ठेवतो.

लाकूडही फुगतं म्हणा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आषाढात नीट बसवलेलं कुसू वैशाखात खुळखुळतं, म्हणून आजोबा सांध्याचं काम होळीनंतर, कोरड्या हवेत करत. पलंगाला साग, पाटाला हलकी शिवण, हा हिशोबही वाहून नेणाऱ्याच्या खांद्याचाच.

बोटी बंद झाल्या, एसटीच्या टपावरून गठ्ठे जाऊ लागले, १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. माझा माल आज टेम्पोने पुण्याला जातो. तिथली हवा कोरडी, लाकूड आकसतं. म्हणून पाचर मी बोटभर लांब ठेवतो. वर्षाने गिऱ्हाईकाचा फोन येतो, पलंग करकरतो. हातोडी नसेल तर वरवंटा घ्या आणि पाचर आणखी ठोका, असं सांगतो.