आवाजाच्या आत उभं राहताना

कविसंमेलनांच्या निमित्तानं गेली तीसेक वर्षं मी गावोगाव हिंडतो आहे. मंचावर कवी, समोर श्रोते आणि कडेला, बहुधा कनातीच्या आड, लाऊडस्पीकरवाला. कवितेला दाद मिळाली तर ती कवीची. माईक किंचाळला की मात्र सगळ्या माना त्या बिचाऱ्याकडे वळतात. एका गावात माझी कविता चालू असतानाच त्यानं उठून एका कर्ण्याचं तोंड फिरवलं. मागच्या ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या बायकांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. कविता तीच होती, कवीही तोच. आवाज कुठं पोचवायचा हे ठरवणारा माणूसही रचनेत वाटेकरी असतो, हे मला त्या रात्री उमगलं. आता या मायक्रोफोनसमोर बसून मी अशाच एका वाटेकऱ्याची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव यानिस झेनाकिस.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात टेपरेकॉर्डर संगीतकारांच्या हाती आला आणि मैफलीपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. संगीत टेपवर आधीच पक्कं झालेलं, मंच रिकामा. मग लोकांनी बघायचं काय आणि त्यात जिवंत ते काय? १९५१ मध्ये पॅरिसच्या काही कलावंतांनी आणि तंत्रज्ञांनी एक उपाय काढला. मंचावरचा माणूस हातात तारेचं छोटं वेटोळं घेऊन मोठाल्या कड्यांच्या मधे उभा राही. तो हात हलवी तसा आवाज डावीकडे, उजवीकडे, मागे किंवा थेट डोक्यावर जाई. सूर ठरलेले असत, पण त्यांचा प्रवास लोकांदेखत घडे.

पुढचं पाऊल पडलं ते १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात. फिलिप्स कंपनीला तिथं रेडिओ आणि दिवे मांडून ठेवायचे नव्हते, आवाज आणि प्रकाशाचा खेळच करून दाखवायचा होता. काम दिलं ल कॉर्बुझिएला. हा गृहस्थ तेव्हा आपल्याकडे चंडीगड उभारण्यात गुंतलेला. त्यामुळे इमारतीचा आराखडा पडला त्याच्या कचेरीतल्या झेनाकिसच्या टेबलावर. झेनाकिस स्थापत्य अभियंता होता आणि मनानं संगीतकार. आपल्या एका वाद्यवृंदाच्या रचनेत सूर सरकत नेताना त्यानं ज्या तिरक्या रेषा कागदावर काढल्या होत्या, त्याच जातीच्या रेषांतून त्यानं या इमारतीच्या भिंती वळवल्या. काँक्रीटची जेमतेम पाच सेंटीमीटर जाडीची कवचं, पोलादी तारांनी ताणलेली. लांबून पाहिलं तर तीन शेंड्यांचा तंबूच.

आत एका वेळी पाचशेच्या आसपास माणसं उभी राहत. आठ मिनिटं अंधारात भिंतींवर चित्रं येत: प्राणी, मुखवटे, छळछावण्यांतली प्रेतं, अणुस्फोट, तान्ही मुलं. ही निवड ल कॉर्बुझिएची. आवाज एदगार व्हारेझचा. हा संगीतकार तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता आणि कंपनीला तो नकोच होता; ल कॉर्बुझिएनं हट्ट धरला म्हणून तो टिकला. घंटा, भोंगे, ढोल, यंत्रांची घरघर, एका बाईचा चिरत जाणारा स्वर. भिंतींना तीनशेहून अधिक स्पीकर चिकटवलेले. कोणता कधी बोलेल हे दुसऱ्या एका टेपवरच्या खुणा ठरवत आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसली बटणं तो हुकूम पाळत. त्यामुळे आवाज भिंतीच्या वळणावरून वर चढे, शेंड्यापर्यंत जाई आणि पलीकडे उतरे. चित्रं आणि संगीत एकमेकांना न विचारता तयार झाली होती. त्यांची गाठ पडायची ती बघणाऱ्याच्या मनात.

एक गर्दी बाहेर जाताना आणि दुसरी आत येताना जी दोन-अडीच मिनिटं वाजत, ती झेनाकिसची. त्यासाठी त्यानं जळत्या कोळशाची तडतड ध्वनिमुद्रित करून तिचे बारीक तुकडे जोडले होते. कार्यक्रमातली सर्वांत लहान जागा त्याच्या वाट्याला आली, पण मला ती सर्वांत नवी वाटते. इमारतीवर आपलंही नाव लागावं म्हणून त्याला भांडावं लागलं. १९५९ च्या जानेवारीत ती पाडली गेली आणि त्याच वर्षी ल कॉर्बुझिएनं त्याला कामावरूनही काढलं.

या माणसाला आवाज समोरून का नको होता, चहूबाजूंनी का हवा होता? त्याचं उत्तर त्यानंच लिहून ठेवलं आहे आणि ते अथेन्सच्या रस्त्यावरचं आहे. नाझींविरुद्धच्या लढ्यात तो विद्यार्थी म्हणून उतरला होता. मोर्चात हजारो माणसं एका तालात घोषणा देतात. पुढच्या टोकाला घोषणा बदलते आणि नवी घोषणा लाटेसारखी मागच्या टोकाकडे सरकत जाते. मग गोळीबार होतो. ताल फुटतो, किंकाळ्या आणि गोळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि नंतर शांतता. त्याला यात गणित ऐकू आलं. निर्दय वाटतं खरं, पण ते ऐकणारा त्या गर्दीच्या आत होता. जर्मन गेल्यावर ब्रिटिश सैन्याशी झालेल्या चकमकींत, १९४५ च्या पहिल्याच दिवशी, रणगाड्याच्या गोळ्यानं त्याचा डावा डोळा गेला. १९४७ मध्ये तो खोट्या कागदपत्रांवर पॅरिसला पळाला. मागे मायदेशात त्याला मृत्युदंड सुनावला गेला.

हाच माणूस २६ ऑगस्ट १९७१ ला इराणमध्ये दिसतो, तोही पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यात. इराणी लोक त्या जागेला तख्त-ए-जमशीद म्हणतात. ‘तख्त’ हा शब्द आपल्यालाही ओळखीचा आहे. शिराझच्या कलामहोत्सवाची ती उद्घाटनाची रात्र. आठ मार्गांची टेप, ५९ स्पीकर आणि साधारण तासाभराचं संगीत, आवाजाची जणू भिंतच. लोक अंधारात खांबांमधून फिरत होते. जो जिथं उभा, त्याला तिथलं संगीत. दोघांनी एकच रचना ऐकली असं म्हणताच येणार नाही. टेकड्यांवर आगी पेटल्या, लेसरचे झोत फिरले आणि मशाली घेतलेल्या मुलांनी उतारावर फारसी अक्षरं उमटवली. आम्ही पृथ्वीचा प्रकाश वाहून नेतो आहोत, असा त्यांचा अर्थ.

वाद मात्र झालाच. हीच जागा सिकंदराच्या वेळी जळाली होती. तिथं एका ग्रीकानं मशाली नाचवाव्यात, हे काही इराण्यांना झोंबलं. दुसरी तक्रार अधिक खोल होती. महोत्सव शहाच्या राजवटीचा, आश्रय राणीचा, आणि शहाचे तुरुंग भरलेले. चकमकीत डोळा गमावलेल्या माणसानं तिथं जावंच का? झेनाकिसनं ‘ल माँद’ या दैनिकात आपली बाजू मांडली, पण आक्षेप मिटला नाही. मलाही तो झटकता येत नाही. ज्या मांडवांत मी कविता वाचल्या, त्यांचा खर्च कोणी केला हे मी दर वेळी विचारलेलं नाही. म्हणून न्यायाधीशाच्या खुर्चीवर मी बसणार नाही. एवढं नोंदवतो की १९७६ मध्ये इराणमधल्या नियोजित कलाकेंद्राच्या कामातून तो बाजूला झाला आणि पोलिसी दडपशाहीचं कारण त्यानं पत्रात लिहून दिलं. पाच वर्षं लागली.

१९७४ मध्ये ग्रीसमधली लष्करी राजवट कोसळली आणि सत्तावीस वर्षांनी तो मायदेशी परतला. १९७८ च्या सप्टेंबरात त्यानं मायसीनीच्या प्राचीन अवशेषांत असाच एक खेळ मांडला. आकाशात फिरणारे मोठे झोत लष्कराचे, शत्रूची विमानं शोधायचे. ज्या देशानं त्याला मृत्युदंड सुनावला, त्याच देशाच्या लष्कराचे. मशाली घेऊन चालणारी मुलं इथंही होती. आणि समोरच्या डोंगरावर शेळ्यांचा एक कळप सोडला होता, अंगावर दिवे आणि गळ्यात घंटा बांधून. स्पीकरमधलं संगीत त्यानं मोजूनमापून बसवलं होतं. घंटांचा आवाज मात्र शेळ्या जातील तिकडं जात होता.