हळदीचे पेटंट आणि आजीचा बटवा

आमच्या पॉइंट कुकच्या मराठी मंडळींत इंजिनियर पुष्कळ. मी स्वतः कारखान्यातल्या ड्रायर आणि भट्ट्यांच्या धंद्यातला. पेटंटच्या गप्पा निघाल्या की "यात नवीन ते काय?" हा प्रश्न हटकून येतो. गरम हवा वरून सोडायची ती खालून सोडली, एवढ्यावरसुद्धा वाद झडतात! कारण पेटंटला वस्तू नवीन तर हवीच, शिवाय त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी नको. याच मुद्द्यावर आपल्या हळदीची लढाई झाली.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. संशोधक दोघे, आणि दोघेही भारतीय वंशाचे. खरचटले की चिमूटभर हळद दाबायची, हे ज्याच्या आजीने केले नाही असा मराठी माणूस विरळा. मग हे नवीन कसे? मेख कायद्यात होती. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातल्या लोकांची नुसती वहिवाट धरत नसत, तिथला पुरावा छापीलच लागे. म्हणजे अमेरिकेतल्या आजीचा बटवा चालला असता, सांगलीच्या आजीचा नाही!

सीएसआयआरचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेलचा जन्म, मुंबईत वाढलेले, पुण्याच्या एनसीएलचे आधीचे संचालक. त्यांच्या संस्थेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली आणि संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांसह ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे सहाही दावे फेटाळले गेले. आजीचे म्हणणे खरे ठरले, पण कागद दाखवल्यावर. त्यातही गंमत अशी की हळद कोणाची, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नाही. आधी छापले होते का, एवढेच पाहिले.

पुढे २००१ मध्ये आयुर्वेद, युनानी ग्रंथांतले ज्ञान परदेशी परीक्षकांना वाचता येईल अशा भाषांत आणण्याचे काम भारताने सुरू केले. अमेरिकेने २०१३ मध्ये ती परदेशी वहिवाटीची अट काढली. आपल्या ऑस्ट्रेलियातही एप्रिल २०१३ पर्यंत 'सहज सुचण्याजोगे' ठरवताना धंद्यातले सामान्य ज्ञान फक्त या देशातले धरत. आता जगभरातले धरतात.