तात्या टोपे आणि केसांची साक्ष

येवले म्हटले की पैठणी आठवते. नाशिक जिल्ह्यातल्या याच गावी १८१४ साली रामचंद्र पांडुरंग टोपे यांचा जन्म झाला. वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. पेशवाई बुडाली आणि हे कुटुंब बाजीरावांमागून ब्रह्मावर्तास गेले. १८५७ चे सेनानी तात्या टोपे ते हेच.

मानसिंगाने दगा दिला, ७ एप्रिल १८५९ ला तात्या पकडले गेले आणि १८ एप्रिलला शिप्री, म्हणजे आजच्या शिवपुरीस, त्यांना फाशी झाली, असे सरकारी दप्तर सांगते. पण फासावर चढला तो दुसराच कोणी, असेही लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. तात्या त्याआधीच लढाईत पडले, असे घराण्यातील पराग टोपे यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात मांडले. मग खरे काय?

फाशीनंतर गोऱ्या अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून केसांच्या बटा घेतल्या, असे त्या काळच्या वृत्तांतात आहे. अशी बट कुठे मिळाली, तर तिची डीएनए तपासणी करता येईल काय?

येईल, पण मेख आहे. उपटलेल्या केसाला मूळ असते; त्यात आईबाप दोघांचा वारसा सापडतो. कात्रीने कापलेल्या बटेला मूळ नसते. तिच्यात टिकतो तो मुख्यतः आईकडचा वारसा. तो मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे चालवते ती मुलगीच. म्हणजे तात्यांच्या केसाशी जुळणी करायला टोपे आडनावाचा पणतू उपयोगी नाही; बहिणीच्या किंवा मावशीच्या लेकींची ओळ हवी. आणि आपल्या वंशावळीत लेकींची नावेच नसतात!

मुळाशिवायच्या केसातूनही दोन्हीकडचा वारसा काढण्याची रीत आता निघाली आहे. अमेरिकेतील आदिवासी पुढारी सिटिंग बुल यांच्या केसांवरून त्यांच्या पणतूचे नाते २०२१ साली सिद्ध झाले. उलट, संगीतकार बेथोवेनच्या म्हणून जपलेल्या बटांपैकी एक २०२३ साली चक्क कुणा बाईची निघाली!

आपल्याकडे जुन्या गोव्यात सापडलेले हाड १६२४ साली मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचे असावे, असे हैदराबादच्या प्रयोगशाळेने दाखवले. मात्र हाड कुठे शोधायचे ते जुन्या पोर्तुगीज कागदांनी सांगितले होते. कागद आणि प्रयोगशाळा, दोघांची साक्ष जुळली, तेव्हा निवाडा झाला.

तात्यांच्या बाबतीतही तसेच. बट कोणाच्या हातून कोणाकडे गेली याचा कागद हवा. केस जुळला तरी तो केस तात्यांच्या नात्यातल्या माणसाचा, एवढेच कळेल. तो फासावरच्याच माणसाचा, हे कागदच सांगेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांकडून घराची वंशावळ लिहवून घ्या. तीत आजी, मावशी, आत्या यांची नावेही येऊ द्या. पुढेमागे एखाद्या निवाड्याला तीच साक्ष लागेल.